परदेशस्थ शिक्षकांचा आरोग्यविमा आणि पारंपरिक चिकित्सा

दीर्घ रजेचा काळ आला की परदेशात अध्यापन करणारे रुग्ण आपल्या चिकित्सालयांत दिसू लागतात. आखाती देशांतील शाळांना जुलै-ऑगस्टमध्ये सुटी असते. जपानहून येणारे ऑगस्टमध्ये किंवा डिसेंबरच्या अखेरीस येतात. दोन-तीन आठवड्यांच्या मुक्कामात त्यांना पंचकर्म उरकून हवे असते, वर्षभराची औषधे बांधून हवी असतात, आणि अलीकडे तिसरी मागणीही असते: ‘वैद्यराज, बिल असे द्या की तिकडच्या विम्यात मंजूर होईल.’ आपल्यापैकी बहुतेक जण अशा वेळी लेटरहेडवर रक्कम लिहून, सही-शिक्का करून कागद हाती देतात. तो कागद तिकडे मंजूर होण्याची शक्यता किती, हे ना रुग्णाला ठाऊक असते ना आपल्याला. रुग्ण मात्र त्या भरवशावर खर्च करून बसतो, आणि क्वचित त्याच भरवशावर तिकडचे आवश्यक उपचारही लांबणीवर टाकतो. म्हणून या विषयाची सविस्तर ओळख व्यवसायबंधूंना व औषधी-विक्रेत्यांना करून देण्याचा हा प्रयत्न आहे.

आपल्या शास्त्राने चिकित्सेचे पाद चार सांगितले: वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण. विमा हा पाचवा पाद काळाने जोडला, आणि परदेशात तर तोच पहिला होऊन बसला आहे. परदेशी शिक्षकाला आरोग्यविमा मिळण्याचे मार्ग मुख्यतः दोन. काही देशांत स्वदेशी नोकरदारांसाठी जी सामाजिक विमायोजना असते तीच परदेशी नोकरदारालाही लागू होते. दक्षिण कोरिया आणि जपान ही त्याची ठळक उदाहरणे. चीननेही २०११ च्या सामाजिक विमा कायद्याने परदेशी नोकरदारांना आपल्या योजनेत आणले. दुसरा मार्ग आखाती देशांचा. तेथे नोकरी देणाऱ्याने विमा कंपनीकडून विमापत्र विकत घेऊन कर्मचाऱ्याला द्यावयाचे असते. पहिल्या मार्गात काय मिळणार हे कायदा ठरवतो, दुसऱ्यात विमापत्रातील बारीक अक्षरे ठरवतात. दोन्ही मार्गांत एक गोष्ट मात्र समान आहे. संरक्षण मिळते की नाही, हे शिक्षकाच्या आजारापेक्षा त्याच्या करारपत्रावर अधिक अवलंबून असते.

कोरियातील व्यवस्था

दक्षिण कोरियाकडे आपण विशेष लक्ष द्यावे असे मला वाटते, कारण तेथील राष्ट्रीय विम्यात पारंपरिक वैद्यकाला पंक्तीत पान वाढलेले आहे. १९७७ साली ५०० वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांपासून तेथे सक्तीचा आरोग्यविमा सुरू झाला. १९८९ पर्यंत तो साऱ्या लोकसंख्येपर्यंत पोहोचला आणि २००० साली अनेक विमासंस्थांचे एकत्रीकरण होऊन नॅशनल हेल्थ इन्शुरन्स सर्व्हिस ही एकच संस्था उरली. इंग्रजी शिकवण्यासाठी तेथे जाणाऱ्या परदेशी शिक्षकांना ‘ई-२’ या वर्गाचा व्हिसा मिळतो. तो प्रामुख्याने अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांसाठी आहे. भारताशी झालेला सर्वंकष आर्थिक भागीदारी करार १ जानेवारी २०१० पासून अमलात आल्यावर अध्यापनाची पात्रता असलेल्या भारतीयांनाही सहायक इंग्रजी शिक्षक म्हणून जाण्याची वाट मोकळी झाली. विद्यापीठांत शिकवणारे प्राध्यापक ‘ई-१’ या वर्गात येतात.

या सर्वांना नोकरी लागताच राष्ट्रीय विम्याचे सदस्यत्व घ्यावे लागते. २०२६ साठी हप्त्याचा दर वेतनाच्या ७.१९ टक्के आहे. त्यातील निम्मा भाग शिक्षकाच्या वेतनातून कापला जातो, निम्मा संस्था भरते. मासिक वेतन २३ लाख वॉन असेल तर शिक्षकाच्या वाट्याला सुमारे ८२ हजार ७०० वॉन येतात. त्यावर दीर्घकालीन शुश्रूषा विम्याची छोटी रक्कम निराळी. हप्ता भरला म्हणून उपचार फुकट होत नाहीत. रुग्णाने स्वतः भरावयाचा भाग, ज्याला आपण स्वहिस्सा म्हणू, तो अंतर्रुग्णासाठी २० टक्के आणि छोट्या दवाखान्यात बाह्यरुग्णासाठी ३० टक्के असतो. हाच बाह्यरुग्ण थेट सर्वोच्च श्रेणीच्या मोठ्या रुग्णालयात गेला तर तो ६० टक्क्यांपर्यंत जातो. साध्या पडशासाठी कोणी मोठ्या रुग्णालयाची पायरी चढू नये, हा त्यामागील हेतू. वर्षभरात रुग्णाने भरलेल्या स्वहिश्श्याला उत्पन्नानुसार कमाल मर्यादाही आहे. ही तरतूद २००४ पासून लागू आहे. मात्र ज्या बाबी विम्याच्या यादीतच नाहीत त्यांचा पूर्ण भार रुग्णावर पडतो, आणि ती कमाल मर्यादा अशा बाबींना लागू होत नाही. नवख्या शिक्षकाची फसगत होते ती येथेच.

आता आपल्या जिव्हाळ्याचा भाग. कोरियातील पारंपरिक वैद्यकास १९५१ च्या वैद्यकीय सेवा कायद्याने स्वतंत्र परवाना मिळाला. त्या वैद्याला ‘हानुइसा’ म्हणतात आणि त्याचा अभ्यासक्रम विद्यापीठात सहा वर्षांचा असतो. १९८७ साली हे वैद्यक राष्ट्रीय विम्यात समाविष्ट झाले. परिणामी मान आखडलेली परदेशी शिक्षिका शाळा सुटल्यावर कोपऱ्यावरच्या हानुइसाकडे जाते, ॲक्युपंक्चर, मॉक्सा आणि कपिंग असे उपचार घेते आणि एकूण बिलाचा सुमारे ३० टक्के भाग देऊन घरी जाते. यातील कपिंग हे आपल्या शृंग-अलाबूचे सख्खे भावंड आहे आणि मॉक्सा अग्निकर्माचे दूरचे नातलग, हे वाचकांच्या ध्यानी आलेच असेल. अस्थिसंधींवर हाताने करावयाचा ‘चुना’ हा उपचार एप्रिल २०१९ पासून विम्यात आला. त्याला वर्षाकाठी २० वेळांची मर्यादा आहे आणि स्वहिस्साही ५० वा ८० टक्के असा चढा आहे.

औषधांच्या बाबतीत तेथील विमा बराच हात राखून वागतो. ५६ मिश्र कल्पांची घनसत्त्वचूर्णे विम्यात मिळतात. रुग्णाची प्रकृती पाहून खास उकळलेला, पिशव्यांत भरून दिलेला काढा मात्र बहुतांशी विम्याबाहेर राहिला आहे, आणि रुग्णाला खरा खर्च होतो तो त्याच काढ्यासाठी. नोव्हेंबर २०२० मध्ये काढ्यांसाठी प्रायोगिक योजना सुरू झाली. प्रारंभी तीत कष्टार्तव, अर्दित आणि वृद्धांमधील पक्षाघातोत्तर विकार होते. एप्रिल २०२४ मध्ये कमरेच्या मणक्यातील चकती सरकणे, ॲलर्जीजन्य प्रतिश्याय आणि अपचन यांची भर पडली. रोगनामांची ही निवड पाहिली तर तेथील वैद्यांनी विमासंस्थेपुढे काय मांडले असेल याचा अंदाज येतो. जेथे लक्षणे मोजता येतात, उपचाराला आरंभ आणि अंत असतो, तेथेच त्यांनी प्रथम पाय रोवला. ‘प्रकृती सुधारण्यासाठी रसायन’ असे काही यादीत नाही.

एवढी चांगली व्यवस्था असूनही काही शिक्षक तिच्याबाहेर राहतात. कोरियात ‘हागवन’ नावाचे खासगी शिकवणीवर्ग आहेत. आपल्याकडील क्लासेसचे ते थोरले बंधू म्हणता येतील. त्यांपैकी काही ठिकाणी शिक्षकाला कर्मचारी न मानता स्वतंत्र व्यावसायिक म्हणून दाखवले जाते आणि वेतनातून केवळ ३.३ टक्के कर कापला जातो. असे केले की संस्थेला विम्याचा निम्मा हप्ता भरावा लागत नाही. शिक्षकाच्या हाती दरमहा काही हजार वॉन अधिक पडतात, म्हणून तोही प्रथम खूष असतो. ॲपेंडिक्सची शस्त्रक्रिया करावी लागली की हिशेब उलटतो. वेतनपत्रकावर ३.३ हा आकडा दिसला तर शिक्षकाने सावध व्हावे, आणि आपला हप्ता खरोखर जमा होतो की नाही हे थेट विमासंस्थेकडे विचारून घ्यावे. तशी विचारणा त्याला करता येते. १६ जुलै २०१९ पासून सहा महिन्यांहून अधिक काळ राहणाऱ्या परदेशी व्यक्तीला, नोकरीतर्फे विमा नसेल तर, स्थानिक सदस्य म्हणून विम्यात येणे सक्तीचे झाले आहे. मात्र तेथे पूर्ण हप्ता एकट्याने भरावा लागतो आणि तो सहसा सर्व सदस्यांच्या सरासरी हप्त्याहून कमी नसतो. थकबाकी राहिली तर वास्तव्याची मुदतवाढही अडते.

जपान: तासांचा हिशेब

जपानमध्ये सर्वांना आरोग्यविमा ही स्थिती १९६१ मध्येच आली. तेथे विम्याचे दोन प्रवाह आहेत. नोकरदारांसाठीच्या विम्यात हप्ता ढोबळमानाने वेतनाच्या १० टक्के असून तो कर्मचारी आणि मालक यांच्यात निम्मा-निम्मा विभागला जातो. इतरांसाठी नगरपालिकेमार्फत चालणारा राष्ट्रीय विमा आहे. तीन महिन्यांहून अधिक काळ राहणाऱ्या परदेशी व्यक्तीलाही तो २०१२ पासून लागू आहे. दोन्हींत प्रौढ रुग्णाचा स्वहिस्सा ३० टक्के असतो आणि मोठ्या आजारात मासिक खर्चाला मर्यादा घालणारी तरतूदही दोन्हींत आहे. त्यामुळे ‘कोणताही विमा असला तरी सारखेच’ असा समज शिक्षकांत रूढ आहे. तो बरोबर नाही. नोकरदार-विम्यात आजारपणामुळे काम बंद पडले तर वेतनाच्या सुमारे दोन-तृतीयांश इतका भत्ता दीड वर्षापर्यंत मिळू शकतो. नगरपालिकेच्या विम्यात असा भत्ता सर्वसाधारणपणे नाही. शिवाय तेथील हप्ता गतवर्षीच्या उत्पन्नावर ठरतो. पहिल्या वर्षी तो नाममात्र असतो आणि दुसऱ्या वर्षी एकदम उडी घेतो.

शासकीय ‘जेट’ कार्यक्रमातून (१९८७ पासून सुरू) जाणाऱ्या सहायक शिक्षकांना नोकरदार-विमा मिळतो आणि त्यावर पूरक अपघात-विमाही. खरा प्रश्न मनुष्यबळ पुरवणाऱ्या कंपन्यांमार्फत शाळांत पाठवल्या जाणाऱ्या शिक्षकांचा होता. पूर्णवेळ कामाच्या तीन-चतुर्थांश, म्हणजे आठवड्याला ३० तास, काम असेल तर नोकरदार-विमा द्यावा, असा निकष होता. म्हणून अनेक करारपत्रांत तास लिहिले जात साडेएकोणतीस! शिक्षक सकाळी आठपासून शाळेत. मात्र दोन तासिकांमधील वेळ कागदावर कामाचा नाही. ही पळवाट जपानमधील परदेशी शिक्षकांच्या संघटनांनी वर्षानुवर्षे चव्हाट्यावर मांडली.

तिचा अर्थ काय होतो हे माझ्याकडे २०१५ साली आलेल्या एका शिक्षिकेमुळे मला नीट उमगले. पुण्यात जपानी भाषा शिकून ती अशाच एका कंपनीमार्फत तिकडच्या प्राथमिक शाळेत गेली होती. गृध्रसीने ती इतकी जखडली की तासभर उभे राहणे अशक्य झाले. तेथील तपासण्यांचा ७० टक्के खर्च नगरपालिकेच्या विम्याने उचलला, त्याबद्दल तिची तक्रार नव्हती. तीन महिने विश्रांती सांगितली गेली, त्या तीन महिन्यांचे वेतनही नाही आणि भत्ताही नाही. घरभाडे कसे द्यायचे म्हणून ती पुण्यास परतली. बस्ती आणि कटिबस्तीने पुढे तिला चांगला उतार पडला. नोकरी मात्र तोवर दुसऱ्याला दिली गेली होती. अर्ध्या तासाच्या फरकाने तिचे वर्ष गेले.

या बाबतीत कायदा आता पुष्कळ पुढे आला आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये ५०० हून अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांत आठवड्याला २० तास आणि मासिक ८८ हजार येन वेतन एवढ्यावर नोकरदार-विमा सक्तीचा झाला. ऑक्टोबर २०२२ मध्ये ही मर्यादा १०१ कर्मचाऱ्यांवर आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये ५१ वर आली. आज ५१ वा अधिक कर्मचाऱ्यांच्या कंपनीत साडेएकोणतीस तासांचा करार काही वाचवू शकत नाही. छोट्या शिकवणीसंस्थांत मात्र जुना प्रश्न शिल्लक आहे, आणि आपल्याकडून जाणाऱ्या तरुणाने करारावर सही करण्यापूर्वी तास आणि विमा हे दोन रकाने वाचलेच पाहिजेत.

जपानमधील पारंपरिक वैद्यक ‘काम्पो’ नावाने ओळखले जाते. मेइजी काळात तेथे पारंपरिक वैद्याचा स्वतंत्र परवाना बंद झाला, तो कायमचा. काम्पो लिहून देतो तो आधुनिक वैद्यकाचा पदवीधर डॉक्टर, आणि औषध मिळते नेहमीच्या औषधालयात. १९६७ मध्ये पहिले काही काम्पो कल्प विम्याच्या दरपत्रकात आले, १९७६ मध्ये त्यांत मोठी भर पडली. आज विम्यात मिळणारे कल्प १४८ आहेत. सर्दीच्या आरंभी ‘कक्कोन्तो’ घेणारा परदेशी शिक्षक त्याच्या किमतीचा ३० टक्के भागच भरतो. २००९ साली शासकीय खर्चकपातीत काम्पोला विम्यातून वगळण्याची सूचना पुढे आली, तेव्हा डॉक्टर आणि रुग्ण यांनी मिळून नऊ लाखांहून अधिक सह्या गोळा केल्या व ती सूचना मागे पडली. ॲक्युपंक्चर मात्र तेथे विम्यात सहजी मिळत नाही. त्यासाठी डॉक्टरचे संमतिपत्र लागते आणि विकारही सहाच ठरलेले आहेत: मज्जाशूल, संधिवात, मान-बाहूंचा वेदनाविकार, अवबाहुक, कटिशूल आणि मानेला बसलेल्या हिसक्याचे उत्तरविकार.

विम्याने पैसे दिले की विमासंस्थेची नजरही येते. ‘शोसाइकोतो’ या लोकप्रिय काम्पो कल्पाचा फुफ्फुसांवर दुष्परिणाम होऊन १० रुग्ण दगावल्याची नोंद झाल्यावर १९९६ मध्ये जपानच्या आरोग्य मंत्रालयाने तातडीची सूचना काढली. विम्यातील औषध असल्याने कोणी, कोणाला, किती दिले याचा माग लागला. ‘आमच्या औषधांना दुष्परिणाम नाहीत’ या वाक्यावर तेथील कोणताही विमा-अधिकारी पुढचा कागद उघडणार नाही.

दोन देशांची वाट भिन्न आहे. कोरियाने वैद्याला मान्यता दिली आणि औषधाच्या बाबतीत हात आखडला. जपानने औषधाला मान्यता दिली आणि वैद्याचे पदच पुसले. परंतु दोन्हीकडे तीन गोष्टी आधी झाल्या. उपचार करणाऱ्याचा परवाना निर्विवाद ठरला, कल्पाची घटकमात्रा एकसारखी झाली आणि प्रत्येक कृतीला शासनाने दर ठरवून दिला. आयुर्वेदाला या दोन्ही देशांत यांपैकी एकही गोष्ट लाभलेली नाही. बी.ए.एम.एस. पदवीवर तेथे चिकित्सा करता येत नाही. शिरोधारा तेथे मिळते ती सौंदर्य आणि विश्रांती या सदरात, आणि ते बिल कोणत्याही विम्यात बसत नाही. रुग्णाने तेथून दूरध्वनीवर आपला सल्ला घेतला तरी त्याचे शुल्क तेथील विम्यातून वसूल होण्याची वाट नाही. हे त्याला आधीच स्पष्ट सांगावे.

आखातात

आपल्याकडचे बहुसंख्य शिक्षक जातात ते आखातात. दुबईत २०१३ च्या ११ व्या क्रमांकाच्या कायद्याने आरोग्यविमा टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला. १ जानेवारी २०२५ पासून शारजा आणि उत्तरेकडील अमिरातींतही खासगी नोकरदारांसाठी तो आवश्यक ठरला. कर्मचाऱ्याचा हप्ता मालकाने भरायचा असतो, वेतनातून कापणे बेकायदा आहे. दुबईत पत्नी व मुलांचा विमा मात्र मालकावर सक्तीचा नाही. तो त्यांना प्रायोजित करणाऱ्यावर, म्हणजे बहुधा शिक्षकावरच येतो. कमी वेतनाच्या कर्मचाऱ्यांसाठीच्या मूलभूत विमापत्राची वार्षिक मर्यादा दीड लाख दिरहम आहे. छोट्या शाळांतील सहायक शिक्षिका कित्येकदा याच वर्गात मोडतात.

येथे एक विरोधाभास आहे. संयुक्त अरब अमिरातीत आयुर्वेद-वैद्याला रीतसर परवाना मिळतो, दुबईत आपल्या पदवीधरांचे दवाखानेही आहेत. तरीही मूलभूत विमापत्राच्या वर्ज्य बाबींत पर्यायी चिकित्सा सरसकट नमूद असते. वरच्या श्रेणीच्या काही विमापत्रांत आयुर्वेदासाठी ठरावीक रक्कम राखलेली असते, आणि ती मिळते परवानाधारक स्थानिक दवाखान्यात घेतलेल्या उपचारांसाठी. म्हणून तिकडच्या रुग्णाला मी प्रथम त्याच्या विमापत्राची वर्ज्य बाबींची यादी मागतो. ती पाच मिनिटांत वाचून होते.

रजेवर आलेला रुग्ण

आता मूळ प्रश्न. आपल्या चिकित्सालयात झालेल्या खर्चाचे काय? कोरियाच्या बाबतीत उत्तर सरळ आहे. सदस्य देशाबाहेर असताना राष्ट्रीय विम्याचे लाभ थांबतात. येथील कोणतेही बिल तेथे चालत नाही, मग ते आयुर्वेदाचे असो वा हृदयशस्त्रक्रियेचे. जपानचा विमा परदेशात अकस्मात आजारी पडल्यास परतावा देतो. त्यासाठी उपचार करणाऱ्या डॉक्टरने ‘फॉर्म ए’ मध्ये निदान व उपचार, ‘फॉर्म बी’ मध्ये खर्चाचा तपशील लिहून द्यावा लागतो. सोबत जपानी भाषांतर आणि पारपत्राच्या नोंदी लागतात व दावा दोन वर्षांच्या आत करायचा असतो. परंतु दोन अटी निर्णायक आहेत. केवळ उपचारासाठी केलेला प्रवास चालत नाही, आणि जो उपचार जपानमध्येच विम्यात नाही त्याचा परतावा मिळत नाही. पुण्यात येऊन डेंग्यू झाला आणि रुग्णालयात सलाईन लागले, तर जपानी मानकानुसार हिशेब होऊन परतावा मिळू शकतो. ठरवून केलेल्या विरेचनाचा कदापि मिळणार नाही. अशा वेळी बिलावर आजाराचे नाव ‘सोयीचे’ लिहून देण्याचा आग्रह होतो. तो ठामपणे नाकारावा. खोट्या दाव्यात सापडणारा शिक्षक व्हिसाही गमावू शकतो आणि सही आपली असते.

खरी वाट भारतीय विमापत्राची आहे. भारतीय विमा नियामक प्राधिकरणाने १ एप्रिल २०२४ पासून आयुष उपचारांना इतर उपचारांच्या बरोबरीने वागवण्याचे निर्देश विमा कंपन्यांना दिले. परदेशस्थ भारतीयालाही येथील विमापत्र ठेवता येते आणि येथील उपचारांसाठी ते वापरता येते. परंतु परदेशी नोकरी लागली की ‘आता दोन हप्ते कशाला’ म्हणून घरचे पहिले काम करतात ते जुने विमापत्र बंद करण्याचे. पुढे परतल्यावर नव्या विमापत्रात पूर्वीपासूनच्या आजारासाठी ३६ महिन्यांपर्यंत थांबावे लागू शकते, आणि तोवर मधुमेह किंवा आमवात जडलेला असतो. जुने चालू ठेवा, असे जाणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला सांगणे मी चिकित्सेचाच भाग मानतो.

त्या विमापत्रातून पंचकर्माचा खर्च मिळायचा तर रुग्णालयही व्याख्येत बसावे लागते: किमान पाच अंतर्रुग्ण खाटा, चोवीस तास उपलब्ध असा पात्र आयुष वैद्य, स्वतंत्र उपचारकक्ष आणि रोजच्या नोंदी. बाह्यरुग्ण म्हणून सात दिवस येऊन केलेले स्नेहन-स्वेदन सर्वसाधारण विमापत्रात बसत नाही. केवळ शरीरशुद्धी वा ताजेतवाने होण्यासाठी केलेले उपचारही नाकारले जातात, आणि माझ्या मते ते योग्यच आहे. निदान लिहिताना आयुर्वेदीय रोगनाम व त्याशेजारी आधुनिक निदान अशी दोन्ही द्यावीत. केंद्रीय आयुष मंत्रालयाच्या ‘नमस्ते’ पोर्टलवर आयुर्वेदीय रोगनामांचे संकेतांक २०१७ पासून उपलब्ध आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत चीन-जपान-कोरियाच्या परंपरेतील रोगनामे २०२२ पासून लागू झाली. आयुर्वेद, सिद्ध आणि युनानी यांचे प्रकरण जानेवारी २०२४ मध्ये नवी दिल्लीत जाहीर होऊन २०२५ च्या सुधारणेत समाविष्ट झाले. संकेतांक लिहिल्याने परदेशी दावा आज मंजूर होणार नाही. तरीही केसपेपरवर ते लिहिण्याची सवय आतापासून लावावी, कारण पुढे कधी आयुर्वेदाचा विचार झालाच तर मागची नोंदच कामी येईल. महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनचा आपला नोंदणी-क्रमांक बिलावर नसेल तर येथील दावाही अडतो, हे वेगळे सांगणे नको.

औषधी-विक्रेत्यांसाठी

आयुर्वेदीय औषधांच्या किरकोळ विक्रीला आपल्याकडे वेगळा परवाना लागत नाही. त्यामुळे बिलाच्या बाबतीत एक सैल सवय पडली आहे. ‘आयुर्वेदिक औषधे, रु. ४,२००’ असे एका ओळीचे बिल कोणताही विमा स्वीकारत नाही. प्रत्येक औषधाचे नाव, उत्पादक, बॅच क्रमांक, मुदत आणि नग वेगळे असावेत, आणि सोबत वैद्याची चिठ्ठी असावी. वैद्याने स्वतः पुडीत बांधून दिलेले मिश्रण विम्यासाठी अदृश्यच असते.

परदेशी नेण्याच्या औषधांची गोष्ट निराळी. विमा सोडा, तेथे प्रश्न सीमाशुल्क खात्याचा येतो. जपानमध्ये चिठ्ठीवरील औषध एक महिन्यापुरते व बिगरचिठ्ठीचे दोन महिन्यांपुरतेच पूर्वपरवानगीविना नेता येते. वर्षभराची पेटी बांधून देणे म्हणजे रुग्णाला विमानतळावर अडकवणे होय. भांगयुक्त कल्प, उदाहरणार्थ जातीफलादि चूर्ण, परदेशी जाणाऱ्याला कधीही देऊ नयेत. कोरिया, जपान आणि आखात या तिन्हीकडे त्याचे परिणाम तुरुंगापर्यंत जातात. संयुक्त अरब अमिरातीत तर खसखसही निषिद्ध आहे, मग ती लाडवात का असेना. कुष्ठ ही वनस्पती संकटग्रस्त प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात असल्याने ती असलेल्या कल्पांबाबत उत्पादकाकडे आधी चौकशी करावी. भस्मे व रसकल्प सोबत देण्याचा मोह टाळलेला बरा. आणि जे द्याल त्याच्या मूळ वेष्टनावर घटकद्रव्यांची लॅटिन नावे रोमन लिपीत छापलेली आहेत ना, ते पाहूनच पिशवीत घाला. दुबईच्या किंवा नारिताच्या अधिकाऱ्याला देवनागरी वाचता येत नाही.